दुर्बिणीआधी बैठक पाहावी

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश 'नंबर ४ मार्क १ (टी)' ही स्नायपर रायफल हाती आली की नवखा संग्राहक आधी दुर्बीण न्याहाळतो; माझ्या मते पारख सुरू व्हावी ती दुर्बीण धरणाऱ्या बैठकीपासून. सुरुवातीच्या थोड्या रायफली एन्फिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यातच तयार झाल्या. १९४२ पासून हे काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे गेले आणि त्यांनी सुमारे २६ हजार रायफलींवर दुर्बिणी बसवल्या.

रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या अंगाला पोलादी बैठका असतात, पुढची तीन स्क्रूंवर आणि मागची दोन स्क्रूंवर. त्यांवर ओतीव ब्रॅकेट बसतो आणि ब्रॅकेटमध्ये तिप्पट मोठे दाखवणारी, मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली 'नंबर ३२' दुर्बीण. दोन बैठकांत १५ सेंमी अंतर मानले आणि त्यांतली एक केवळ ०.१ मिमी जास्त घासली गेली, तर नेम १०० मीटरवर जवळजवळ ७ सेंमी आणि ४०० मीटरवर २७ सेंमी ढळतो. म्हणूनच प्रत्येक ब्रॅकेट त्या-त्या रायफलीशी हाताने जुळवला जाई, त्यावर रायफलीचा क्रमांक ठोकला जाई आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, मानेवर. क्रमांक जुळणे ही हौसेची बाब नव्हे. त्या जुळवणीचा तो पुरावा आहे.

गोळी सुटताच रायफल मागे झटकते, पण ब्रॅकेटसह किलोभर वजनाची दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि तो सगळा ताण स्क्रूंवर आडवा येतो. त्यामुळे बैठका नुसत्या स्क्रूंनी न आवळता डाक देऊनही, म्हणजे मऊ धातू वितळवून सांधूनही, पक्क्या केल्या जात आणि स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या कडेला पोगराचे (टोकदार पोलादी खिळ्याचे) ठोसे मारले जात. बैठकीच्या कडेने डाकाची बारीक रुपेरी रेघ दिसली, ठोसे जुने आणि काळवंडलेले असले, तर विश्वास वाढतो. वेल्डिंगचा फुगीर सांधा दिसला, तर बैठक मूळची नाही असे समजावे.

दस्त्याखालचा 'एस ५१' हा ठसा हॉलंड अँड हॉलंडचा. मात्र दुरुस्तीत दुर्बीण बदलली की जुना क्रमांक छेदून शेजारी नवा ठोकला जाई, म्हणून दोन क्रमांक दिसताच रायफल बाजूला ठेवू नये. लाकडाचे तंतू ठशाखाली दबले आहेत की अलीकडे कोरून कापले गेले आहेत, हे भिंगाखाली पाहावे.