कोळंबीच्या सालांचा मांडव

रविवारी ससून डॉकवरून कोळंबी आणली की आमच्याकडे दोन पिशव्या होतात, एक खायची आणि एक फेकायची, आणि ती दुसरी त्याच संध्याकाळी खाली नेली नाही तर शेजारी बेल वाजवून सांगतात. त्या फेकायच्या सालांपासून कोणी 5 मीटर उंच मांडव बनवला असेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

बनवलाय नेरी ऑक्समनने. ही मूळची इस्रायलची, आधी मेडिकलला होती, ते सोडून आर्किटेक्ट झाली आणि मग अमेरिकेत एमआयटीत टीम घेऊन कॉम्प्युटर, रोबो आणि जिवंत प्राणी यांची खिचडी करत बसली. 2013 साली तिने मशीनने रेशमाचे धागे ताणलेल्या 26 फ्रेम्सवर 6500 रेशमाचे किडे सोडले. गंमत अशी की किड्याला कोष विणायला जरा उंच आधार लागतो, तो नसला की तो सपाट चादरच विणत सुटतो. एरवी रेशमासाठी कोष उकळतात, आतला जीव जातो, इथे उकळायला कोषच नाही, त्यामुळे किडे काम संपवून निवांत पतंग झाले.

पण मला जास्त आवडलं ते 2018 चं अग्वाओहा, म्हणजे तोच सालांचा मांडव, नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये पाणी आणि पान. कोळंबीच्या सालात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, हाच झुरळाच्या कवचात आणि मशरूममध्येही असतो (सॉरी, जेवताना वाचत असाल तर). साल ॲसिडमध्ये टाकली की चुना जातो, कॉस्टिक सोड्याने प्रोटीन जातं, मग उरलेलं अजून कडक कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान होतं जे व्हिनेगरसारख्या हलक्या ॲसिडमध्ये विरघळतं. त्यात झाडांचा सेल्युलोज आणि फळांचं पेक्टिन (जॅम घट्ट होतो तो याच्यामुळेच) घालून खळीसारखं जेल करायचं आणि रोबोच्या हाताने ते थर देत छापायचं. आता खरी आयडिया ऐका, एकाच पट्ट्यात कुठे जाड कुठे पातळ असं रोबो सोडतो, म्हणून वाळताना काही भाग कडक होतो, काही लवचिक राहतो आणि पाणी उडून जाताना पट्टा आपोआप मुडपतो, जसा आपला पोह्याचा पापड उन्हात वाकडा होतो तसाच. खिळा नाही, स्क्रू नाही, प्लास्टिक नाही.

आणि पाऊस लागला की हे सगळं विरघळून मातीत जातं. मुंबईत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे इथे याचं छप्पर कोणी घालणार नाही, जूनमध्येच डोक्यावर जेल! पण पिशवी, पॅकिंग, गणपतीचं मखर यासाठी विचार करा की. त्याच 2018 मध्ये आपल्याकडे प्लास्टिकबंदी आली, तरी मोठी भरती आली की समुद्र मरीन ड्राइव्हवर आपलं प्लास्टिक आपल्याच अंगावर फेकतो.

बाय द वे, विरघळण्यासाठी बनवलेला तो मांडव सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने संग्रहात घेतलाय, म्हणजे आता तो जपून ठेवायचा.