फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपट का दिसतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने एका मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला. मोहिमेचं म्हणणं असं की, सरकारांनी, शाळांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी जगाचा मर्केटर नकाशा (रेखावृत्तं समांतर उभ्या रेघांनी दाखवणारा, आपल्या ओळखीचा आयताकृती नकाशा) वापरणं बंद करावं आणि त्याऐवजी खंडांची क्षेत्रफळं खरी दाखवणारा नकाशा भिंतीवर लावावा. अशी बातमी आली की दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘साडेचारशे वर्षं आपल्याला फसवलं’ आणि दुसरं ‘नकाशा कुठला का असेना, काय फरक पडतो?’ मला दोन्ही पटत नाहीत. फरक पडतो, खूप पडतो. पण फसवणूक म्हणावी असं इथे काही घडलेलं नाही. उलट, माणसाने भूमितीत केलेल्या सगळ्यात देखण्या कामांपैकी एक काम या नकाशात दडलेलं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय नकाशाला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

आधी तक्रार काय ते पाहू. मर्केटर नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिकेचं ३ कोटींच्या वर, म्हणजे चौदापट. भारत ३२.९ लाख, म्हणजे ग्रीनलंडच्या दीडपट. नकाशावर मात्र आपण त्याच्या शेजारी अगदीच लहान. आणखी जवळचं उदाहरण घ्यायचं तर महाराष्ट्र ३.०८ लाख चौरस किलोमीटर आहे आणि फिनलंड ३.३८ लाख. दोघं जवळपास सारखेच. पण मर्केटर नकाशावर फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपट भरतो.

हे का होतं, ते शाळेतल्या भूगोलात आणि दहावीच्या त्रिकोणमितीत सगळं आहे.

रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. विषुववृत्तावर एका अंशाच्या अंतराने असलेल्या दोन लगतच्या रेखावृत्तांमधलं अंतर १११ किलोमीटर असतं. मुंबईच्या अक्षांशावर ते १०५ होतं, श्रीनगरला ९२ आणि ६० अंशांवर, म्हणजे ऑस्लोच्या आसपास, जेमतेम ५६. ध्रुवावर शून्य. मर्केटर नकाशात मात्र ही सगळी रेखावृत्तं समांतर उभ्या रेघा आहेत. त्यामुळे ऑस्लोजवळचे ५६ किलोमीटर कागदावर १११ किलोमीटरांएवढी जागा खातात. पूर्व-पश्चिम दिशेने तो प्रदेश बरोबर दुप्पट ताणला गेला. कुठल्याही अक्षांशावर हा ताण किती, ते सांगणारा आकडा म्हणजे त्या अक्षांशाचा सेक, अर्थात एक भागिले कोसाइन. ६० अंशांचा कोसाइन अर्धा, म्हणून सेक दोन.

आता नुसतं आडवं ताणून थांबलं तर काय होईल? ऑस्लोजवळचं गोल तळं लंबवर्तुळ दिसेल. त्याहून वाईट म्हणजे दिशा बिघडतील. तिथून नेमक्या ईशान्येला निघालेलं जहाज कागदावर उत्तरेपासून ४५ अंशांऐवजी ६३ अंशांवर गेलेलं दिसेल. कोन चुकला की खलाशाच्या दृष्टीने नकाशा रद्दी.

फ्लँडर्समध्ये १५१२ साली जन्मलेल्या आणि पुढे ड्युइसबर्गला स्थायिक झालेल्या गेरहार्ट मर्केटरने इथे जी युक्ती केली तिच्यावर माझा जीव आहे. त्याने ठरवलं की आडवा ताण टाळता येत नसेल तर त्या त्या ठिकाणी उभाही तेवढाच ताण द्यायचा. ६० अंशांवर आडवं दुप्पट झालं तर उभंही दुप्पट. मग तळं मोठं दिसेल, पण गोलच दिसेल. ईशान्य ही ईशान्यच राहील. किंमत एवढीच की क्षेत्रफळ सेकच्या वर्गाने फुगेल, म्हणजे ६० अंशांवर चौपट आणि ८० अंशांवर तेहतीसपट. फिनलंड साधारण ६० ते ७० अंशांत येतो आणि महाराष्ट्र १६ ते २२ अंशांत, म्हणून तो पाचपटीचा घोळ.

या किमतीच्या बदल्यात खलाशाला जे मिळालं ते अमूल्य होतं. होकायंत्राची एकच दिशा धरून चालत राहिलं तर पृथ्वीच्या गोलावर तो मार्ग ध्रुवाकडे वळत जाणारी सर्पिल रेषा होतो. मर्केटरच्या कागदावर ती सर्पिल रेषा सरळ होते. लिस्बनहून निघून एखाद्या बेटावर जायचं असेल तर दोन ठिपक्यांमध्ये पट्टी ठेवायची, रेघ मारायची, तिचा उभ्या रेघेशी झालेला कोन मोजायचा आणि सुकाणू धरणाऱ्याला तो आकडा सांगायचा. १५६९ साली छापलेला हा नकाशा १८ तुकड्यांचा होता, जोडल्यावर सुमारे दोन मीटर रुंद. तो खलाशांच्या उपयोगासाठी आहे, असं त्याच्या लॅटिन शीर्षकातच लिहिलं होतं. वर्गातल्या भिंतीवर जग शिकवण्यासाठी तो केलेलाच नव्हता.

पण एक अडचण होती. ताण प्रत्येक अक्षांशावर वेगळा. मग विषुववृत्तापासून ६० अंशांची आडवी रेघ कागदावर नेमकी किती उंचीवर काढायची? मर्केटरने आपली रीत सांगून ठेवली नाही. ती प्रथम चोख मांडली एडवर्ड राइट या इंग्रज गणितीने, १५९९ साली. तो म्हणाला, अक्षांशाचे बारीक तुकडे करा, प्रत्येक तुकडा त्याच्या जागच्या सेकने गुणा आणि बेरीज करत वर जा. अंशाच्या साठाव्या भागाएवढे तुकडे घेऊन त्याने कोष्टकं तयार केली.

हे आपल्याला मोबाइलवरच्या गणकयंत्रानेही करता येतं. तुकडे मोठे, दहा-दहा अंशांचे घेऊ आणि प्रत्येकाच्या मधल्या अंशाचा सेक धरू. ५ अंशांचा १.००४, १५ चा १.०३५, २५ चा १.१०३, ३५ चा १.२२१, ४५ चा १.४१४ आणि ५५ चा १.७४३. या सहांची बेरीज ७.५२, तिला दहाने गुणलं की ७५.२. म्हणजे विषुववृत्तावरच्या एका अंशाला कागदावर जेवढी जागा दिली, तसल्या ७५.२ जागा वर गेल्यावर ६० ची रेघ काढायची. अचूक उत्तर आहे ७५.५. सहाच तुकड्यांत आपण किती जवळ आलो बघा. हेच पुढे ८० पर्यंत नेलं तर ६५ चा २.३६६ आणि ७५ चा ३.८६४ हे दोन आकडे धरून बेरीज १३७.५ वर पोचते (अचूक १३९.६). शेवटच्या वीस अंशांनी ६२ जागा खाल्ल्या, पहिल्या वीस अंशांनी जेमतेम २०. ग्रीनलंडचं अवाढव्य रूप या दोन आकड्यांत आहे.

तुकडे करून बेरीज करणं म्हणजे संकलन. न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कलनशास्त्राच्या कितीतरी आधी राइट सेकचं संकलन हाताने करत बसला होता. पुढचा भाग तर आणखी विलक्षण. १६१४ साली नेपियरचे लॉगॅरिथम आले, त्यांची कोष्टकं छापली गेली. १६४० च्या दशकात हेन्री बाँड या इंग्रज शिक्षकाच्या लक्षात आलं की राइटच्या कोष्टकातले आकडे आणि टॅन्जन्टच्या लॉगॅरिथमचे आकडे जुळतात. ४५ अंशांत अक्षांशाचा निम्मा भाग मिळवा, त्याचा टॅन घ्या, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम काढा, आणि नकाशावरची उंची तयार (रेडियनमध्ये). असं का व्हावं ते त्याला सिद्ध करता आलं नाही. सिद्धता दिली जेम्स ग्रेगरीने, १६६८ मध्ये. समुद्रावरची गरज आधी, कोष्टक मग, जुळणी त्यानंतर आणि सिद्धता सगळ्यात शेवटी. पाठ्यपुस्तकात हेच सूत्र बरोबर उलट्या क्रमाने येतं, आणि विद्यार्थ्याला ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं, याचं मला वाईट वाटतं.

हे सूत्र आज तुमच्या खिशात आहे. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्याच एका रूपात काढतात, कारण गल्लीतला काटकोनी चौक काटकोनीच दिसला पाहिजे, मग तो चौक कोल्हापुरात असो की ऑस्लोत. त्यांचा जगाचा नकाशा ८५.०५ अंशांवर कापलेला असतो. हा विचित्र आकडा कुठून आला? आपल्या बेरजेत ८५.०५ अंशांपाशी उंची बरोबर १८० भरते. वर १८०, खाली १८०, आणि पूर्व-पश्चिम ३६०. नकाशा नेमका चौरस होतो, आणि चौरसाचे चार, सोळा, चौसष्ट तुकडे करत साठवणं संगणकाला सोपं जातं. ध्रुव मात्र त्यात कधीच येत नाही, कारण ९० अंशांची उंची अनंत आहे.

मग क्षेत्रफळही खरं, आकारही खरा, अंतरंही खरी, असा नकाशा कुणी का काढत नाही? कारण तो निघूच शकत नाही. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे ९० अंश दूर असलेले दोन बिंदू जोडून त्रिकोण करा. त्याचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० च्या पुढे जात नाही. गाऊसने १८२७ साली याचं सर्वसाधारण रूप सिद्ध केलं की पृष्ठभागाची वक्रता त्याच्या अंगातच असते, ताणल्याशिवाय ती जात नाही. नागपुरी संत्र्याची साल ओट्यावर चपटी करून बघा, ती फाटतेच. तेव्हा प्रत्येक नकाशा काहीतरी राखतो आणि काहीतरी सोडतो. आफ्रिकन युनियनने उचलून धरलेला ‘इक्वल अर्थ’ नकाशा २०१८ मध्ये बोयान शावरिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड जेनी यांनी तयार केला. तो क्षेत्रफळ राखतो आणि कडेच्या देशांचे आकार तिरके करतो. शिकवण्यासाठी तो मर्केटरपेक्षा कितीतरी चांगला आहे, हे माझं स्पष्ट मत. जंगल किती, पाऊस कुठे किती, तापमान किती वाढलं, असं काही रंगवून दाखवायचं असेल तर क्षेत्रफळ राखणाराच नकाशा हवा. मर्केटरवर तापमानवाढ रंगवली तर उत्तर ध्रुवाजवळचा लाल पट्टा अर्धं जग व्यापल्यासारखा दिसतो.

पण ‘हा गोऱ्यांचा कट होता’ हे खरं नाही. ताण फक्त अक्षांशावर ठरतो, माणसाच्या रंगावर नाही. या नकाशात सगळ्यात जास्त फुगतं ते अंटार्क्टिका, जिथे कायमची वस्तीच नाही. १९७३ मध्ये पीटर्स नावाच्या जर्मन इतिहासकाराने असाच गाजावाजा करून ‘न्याय्य’ नकाशा पुढे आणला, तेव्हा ती रचना जेम्स गॉलने १८५५ सालीच मांडलेली होती. दोष द्यायचाच तर खलाशांचं साधन वर्गात टांगणाऱ्यांना द्यावा.

खलाशांच्या कामाचा असला तरी हा नकाशा सगळ्यात जवळची वाट दाखवत नाही. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. तो मार्ग सुमारे १४,२०० किलोमीटरचा. गोलावरची सगळ्यात जवळची वाट साडेबारा हजारांची, आणि ती ६५ अंश उत्तरेपर्यंत चढून आइसलंडवरून जाते. विमानात समोरच्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा दिसला की ‘एवढा वळसा कशाला?’ असं वाटतं. वळसा पडद्यावरच्या नकाशात आहे.

सरळ रेघेवरून आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केदारनाथपासून रामेश्वरपर्यंतची शिवमंदिरं एकाच रेखावृत्तावर सरळ रेषेत आहेत, म्हणजे प्राचीन काळी उपग्रहासारखं तंत्रज्ञान होतं, असा संदेश दर महाशिवरात्रीला फिरतो. सोबत भारताचा चिमुकला नकाशा आणि त्यावर लाल रेघ. आकडे पाहा. केदारनाथ ७९.०७ अंश पूर्व, रामेश्वर ७९.३, श्रीकालहस्ती ७९.७ आणि तेलंगणातलं काळेश्वरम ७९.९. केदारनाथ आणि काळेश्वरम यांच्या रेखांशांत ०.८ अंशाहून जास्त फरक आहे, म्हणजे काळेश्वरमच्या अक्षांशावर जवळपास ९० किलोमीटर. मोबाइलच्या पडद्यावर भारत सहा सेंटिमीटर उंच असेल तर हे ९० किलोमीटर दोन मिलिमीटरही भरत नाहीत. जाड लाल रेघ त्यांना सहज गिळते. केदारनाथच्या रेखावृत्ताला या तिन्हींपेक्षा जवळ आहे नागपूर शहर, ७९.०९ अंशांवर. देवळं थोर आहेत, ती बांधणारे कारागीर त्याहून थोर. त्यांच्या थोरवीला खोट्या रेघेचा आधार कशाला?

हीच सगळी भूमिती हाताने मोजायची असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, म्हणजे एखाद्या भागाचा तपशीलवार छापील नकाशा, मिळवा, १:५०,००० प्रमाणाची. एक शीट पाव अंश रुंद आणि पाव अंश उंच असते. पुण्याच्या आसपासची, १८°३०′ ते १८°४५′ मधली घ्या. नकाशाच्या चौकटीची खालची कड मोजा, साधारण ५२.८ सेंटिमीटर भरेल. मग वरची कड मोजा. ती जवळपास पाऊण मिलिमीटरने लहान असायला हवी, कारण तेवढ्या २८ किलोमीटरांत रेखावृत्तं सुमारे ३९ मीटर जवळ आलेली असतात. कागद दमट हवेने फुगतो, तेव्हा दोन्ही कडा एकाच दिवशी, एकाच पट्टीने मोजा.