फोम फुगवणारी रिअ‍ॅक्शन ड्रमही फोडू शकते

गादीतला तयार फोम वापरणाऱ्याला तसा काही त्रास देत नाही, जपायचं असतं ते तो बनवताना. 1937 मध्ये जर्मनीत ओट्टो बायर आणि त्यांच्या टीमने पॉलियुरेथेन, म्हणजे या फोमचं प्लास्टिक, शोधलं, तेव्हापासून मूळ कृती तीच, दोन केमिकल एकत्र मिसळायची, एकीकडे पॉलिओल आणि दुसरीकडे आयसोसायनेट. आयसोसायनेटचे नेहमीचे प्रकार दोन, मऊ फोमला सहसा टीडीआय, फ्रिजच्या भिंतीतल्या कडक फोमला एमडीआय.

मऊ फोमच्या मिक्समध्ये थोडं पाणी मुद्दाम घालतात, कारण आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यानेच फोम फुगतो. आता हेच आयसोसायनेटच्या अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये झालं तर? कोणीतरी ओला पंप आत घातला, किंवा पावसाळ्यात बूच उघडं राहून पाणी गेलं आणि नंतर ते घट्ट आवळलं, की गॅसला बाहेर पडायला वाटच नाही. ही रिअ‍ॅक्शन हळूहळू चालते, त्यामुळे लगेच काही दिसत नाही, काही तासांनी ड्रम फुगतो आणि शेवटी फुटतो. फुगलेल्या ड्रमजवळ जाऊन बूच फिरवायला जाऊ नका, सगळ्यांना लांब करा आणि जाणकार माणसाला बोलवा. सांडलेलं टीडीआय कोरड्या वाळूत शोषून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून मोकळ्या हवेत ठेवतात, पण त्या डब्यालाही घट्ट झाकण नाही!

दुसरा धोका फुफ्फुसांचा, आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो कारण तो दिसत नाही. अमेरिकेत टीडीआयची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 0.02 भाग आहे आणि वास त्याहून जास्त प्रमाण झाल्यावरच येतो, म्हणजे ‘वास येत नाही ना, मग ठीक आहे’ हे साफ चुकीचं. काहींचं शरीर या केमिकलला सेन्सिटाइज होतं, म्हणजे त्याची अ‍ॅलर्जी जडते, अंगावर सांडूनही होऊ शकतं, आणि मग अगदी जराशा वाफेनेही दमा उसळतो. अशा माणसाला ते काम कायमचं सोडावं लागतं. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, स्प्रे करताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. युरोपियन युनियनमध्ये तर ऑगस्ट 2023 पासून ट्रेनिंगशिवाय कामगाराला टीडीआय-एमडीआय हाताळताच येत नाही.

बऱ्याचदा दम शिफ्टमध्ये नाही, रात्री घरी लागतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. फोमच्या कामातल्या कोणाला रात्री खोकला किंवा छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरकडे जाताना ड्रमवरच्या लेबलचा फोटो घेऊन जा.