बोट बांगड्यावर, ऑर्डर इसवणाची

घरपोच मासळी देणारं एखादं ॲप डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एका ओळीत तीन फोटो: बांगडा, इसवण, सुंगटं. खाली सरकवलं की तिसऱ्या, मोरी, चणक. बांगड्यावर बोट टेकवलं की बांगडाच मिळतो. पण फोनच्या काचेला बांगडा कळत नाही. तिथे फोटो आहे हेही तिला ठाऊक नसतं. तिला कळतो फक्त एक बिंदू.

काचेखाली पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. आपलं शरीर वीजवाहक असल्याने बोट जवळ आलं की तिथल्या रेघांमधलं विद्युतक्षेत्र थोडं बोटाकडे वळतं. एक चिप हा फरक सेकंदाला 60 ते 120 वेळा, काही फोनांत त्याहूनही जास्त वेळा तपासते. दोन रेघांत साधारण 4-5 मिलिमीटरचं अंतर, तरी बोटाची जागा मिलिमीटरच्या आत सापडते. बोटाचा परिणाम आजूबाजूला रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागांवर कमी-अधिक पडतो आणि चिप त्यावरून मध्य काढते. पाणीही विजेवर परिणाम करतं, म्हणून आपल्याकडच्या जून-जुलैत भिजलेला फोन कधीकधी भलतंच काही उघडून बसतो. या तऱ्हेच्या पडद्याची कल्पना ब्रिटनच्या ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्येच मांडली होती. तेव्हा डोळ्यांसमोर होतं विमान वाहतुकीचं नियंत्रण, मासळी नव्हे.

आता त्या बिंदूचा मासा करायचा. पडदा 1080 पिक्सेल रुंद आणि प्रत्येक फोटो 360 चा चौकोन धरा. बोट डावीकडून 500 वर, वरून 900 वर टेकलं आणि यादी आधीच 1440 पिक्सेल वर सरकलेली आहे. 900 आणि 1440 मिळून 2340. भागिले 360, म्हणजे सहा ओळी पूर्ण होऊन बोट सातव्या ओळीत. 500 भागिले 360, म्हणजे दुसरा स्तंभ. सहा ओळींचे अठरा फोटो आणि पुढचे दोन: बोट विसाव्या फोटोवर. सरकलेले 1440 धरायला विसरलात तर उत्तर येतं आठवा फोटो. प्रत्यक्षात ही आकडेमोड बहुतेक वेळा ॲप लिहिणाऱ्याला करावी लागत नाही. अँड्रॉइड किंवा आयओएस एकावर एक रचलेल्या चौकोनांत सगळ्यात वरच्यापासून शोध घेतं आणि तो बिंदू ज्याच्या हद्दीत पडतो त्याला निरोप देतं.

निरोप पोचला तरी निवड झाली असं नाही. बोट ठरावीक अंतरापेक्षा जास्त घसरलं तर ते सरकवणं. बरंच रेंगाळलं तर दाबून धरणं. जागच्या जागी उचललं तरच टॅप.

माझ्या मते खरी गोम यापुढे आहे. यादीत दोनशे फोटो असले तरी फोन दोनशे चौकोन बनवत नाही. पडद्यावर मावतील तेवढे आणि वर दोन-चार बनवतो. वरून बाहेर गेलेला चौकोन खालून नवा फोटो लावून परत येतो. पंगतीत पाट तोच, बसणारा बदलतो, तसं. सुरुवातीला चौकोनावर ‘इसवण’ अशी खूण करून ठेवली आणि फोटो बदलताना ती बदलली नाही, तर दिसतो बांगडा आणि टोपलीत पडतो इसवण. अशा वेळी आपण आपल्याच जाड बोटाला दोष देतो. बोटासाठी मात्र गूगलने किमान 48 डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर जागा सुचवली आहे, आणि माशांचे फोटो त्याहून बरेच मोठे असतात. उपाय सोपा: चौकोनाला नव्हे, प्रत्येक माशाला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि टॅप झाल्यावर त्या क्षणी चौकोनात कोणता क्रमांक आहे ते विचारायचं.