सैल सोडायलाही इंधन लागतं

परवा भर दुपारी व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. मे महिना, तोंडाला दुपट्टा, समोरचा आकडा सावकाश उतरतोय. सहज हातांकडे लक्ष गेलं. गाडी उभी होती, तरी हँडल इतकं आवळलेलं की बोटांची पेरं पांढरी पडलेली. खांदे कानाला टेकायला आलेले. सकाळचं ऑफिसातलं एक बोलणं डोक्यात घोळत होतं, तेवढंच.

"अंग सैल सोड, त्यात करायचंय काय?" असं आपण सहज म्हणतो. स्नायूच्या दृष्टीने मात्र सोडणं हेही कामच असतं.

स्नायूच्या पेशीत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू शेजारी शेजारी असतात. मज्जातंतूचा आदेश आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं, अ‍ॅक्टिनवरचं ट्रोपोमायोसिनचं झाकण सरकतं आणि मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला पकडून ओढतं. मला नवल वाटतं ते याच्या पुढचं. ही पकड आपोआप सुटत नाही. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू मायोसिनला येऊन चिकटला, तरच ते डोकं अ‍ॅक्टिनला सोडतं. बाहेर आलेलं कॅल्शियमही पंपांनी साठ्यात परत ओढावं लागतं. दर २ आयनांमागे एटीपीचा १ रेणू खर्ची पडतो. याचा पुरावा मृत्यूनंतर दिसतो. एटीपी बनणं थांबतं आणि काही तासांत देह ताठरतो, आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. पकड सोडवायला पेशीत काही उरलेलंच नसतं. पुढे प्रथिनंच विघटित होऊ लागली की तो ताठरपणा जातो.

जिवंत माणसाच्या आखडलेल्या मानेत एटीपी असतं. तिथे आदेश थांबलेले नसतात. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायूंतले विद्युत संकेत मोजले. हात वाकवण्याची नुसती कल्पना केली, तरी त्या हाताच्या स्नायूत बारीकसा संकेत उमटत होता. म्हणजे नुसत्या विचारानेही स्नायू जागा होतो. म्हणून 'स्नायूंत अडकलेली नकारात्मक ऊर्जा' काढून देणाऱ्या महागड्या शिबिरांची मला चीड येते. तिथे ऊर्जा अडकलेली नसते, आदेश चालू असतो, आणि तो थांबवायला शिकता येतं. जेकबसन आधी ताण ओळखायला शिकवत: स्नायू मुद्दाम आवळा, कुठे काय जाणवतं ते नीट टिपा, मग सोडा. मला यात खरा मोकळेपणा दिसतो. विचार पुसून टाकावा लागत नाही, त्याने हाताला दिलेला आदेश तेवढा मागे घेता येतो.

आकडा वीसवर आला तेव्हा मुठी मुद्दाम आणखी आवळल्या, पाचपर्यंत मोजलं आणि सोडल्या. ऑफिसातलं बोलणं डोक्यात होतंच. पेरांवर मात्र रंग परत आला होता, आणि दुपट्ट्याआडचा श्वास पोटापर्यंत पोचत होता.