बल्ब नव्वद वॅटचा, तारा पंचावन्नच्या

हेडलाइट मंद वाटू लागला की १००/९० वॅटचे (अप्पर म्हणजे लांबचा झोत १००, डीपर म्हणजे जवळचा झोत ९०) बल्ब आणून बसवायचे, हा सर्रास चालणारा उपाय आहे. पहिले काही दिवस रस्ता लख्ख दिसतो. मग एखाद्या रात्री बॉनेटमधून प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो, एका बाजूचा दिवा लुकलुकायला लागतो, नाहीतर अप्परवरून डीपरवर येताना दोन्ही दिवे क्षणभर गुल होतात. होल्डर ओढून पाहावा तर तो बल्बच्या पत्तीला चिकटलेला असतो आणि एका खाचेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं असतं.

जळण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्या खाचेतच होते. एच-४, म्हणजे अप्पर-डीपरची दोन फिलामेंट असलेल्या हेडलाइट बल्बचा मूळ डीपर ५५ वॅटचा. १२ व्होल्टला त्यातून सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह जातो. ९० वॅटच्या डीपरमधून ७.५ अँपिअर. वाढ दीडपटीच्या थोडी वर, म्हणून किरकोळ वाटते. पण सांध्यात होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. होल्डरमधल्या जुनाट सांध्याचा रोध ०.०५ ओहम धरला, तर आधी तिथे जेमतेम १ वॅट उष्णता तयार होत होती, ती आता २.८ वॅट होते. नखाएवढ्या जागेत, तेही तापलेल्या बल्बच्या पाठीशी. त्या उष्णतेनं पितळी क्लिपची पकड ढिली पडते, ढिल्या पकडीमुळे रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. कोकणपट्टीतल्या खाऱ्या, दमट हवेत या सांध्यांवर हिरवट काट लवकर चढतो, त्यामुळे तिथे हे चक्र आणखी लवकर सुरू होतं.

खरी गोम अशी की बऱ्याच जुन्या गाड्यांत मूळ बल्ब कमजोर नसतोच. त्याच्यापर्यंत व्होल्ट पोचत नाहीत. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह फ्यूजमधून डॅशबोर्डकडे जातो, स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरतो आणि परत पुढे येतो. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०७ ओहम. दोन्ही डीपर त्याच तारेवर असतील तर ५५ वॅटच्या जोडीला तिथे ०.६ व्होल्टची तूट पडते, ९० वॅटच्या जोडीला १ व्होल्टच्या वर. स्विच, कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि अर्थिंगची (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीची) तूट वेगळीच. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळपास ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. १३.२ व्होल्टला मिळणारा प्रकाश १०० धरला, तर १२ व्होल्टला तो ७२ आणि ११ व्होल्टला जेमतेम ५४ उरतो. म्हणजे जास्त वॅटचा बल्ब लावून आपण आपलीच तूट वाढवतो.

त्यामुळे खर्च करण्याआधी मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन चालू करा, डीपर लावा. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर टेकवा आणि काळी काडी होल्डरच्या मागून, पॉझिटिव्ह येणाऱ्या तारेच्या टर्मिनलला. बल्ब जोडलेला आणि पेटलेलाच हवा. होल्डर काढून मोजलं तर एका केसाएवढ्या शाबूत तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसेल, कारण प्रवाह नाही तर तूटही नाही. वायरिंग ठणठणीत असल्याचा निर्वाळा हमखास इथेच चुकतो. वाचन ०.५ व्होल्टच्या आत असेल तर त्या बाजूला हात लावू नका. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि होल्डरची परतीची तार यांच्यातही असंच मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं की आधी बॉडी अर्थचा नट खोला, पत्रा काचपेपरनं चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. कधी कधी एवढ्यानंच काम भागतं.

तूट मोठी निघाली तर रिले, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, लावायचे: १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे चार पायांचे दोन, एक डीपरला आणि एक अप्परला. प्रत्येकाच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची तार, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दोन्ही बल्बांना १.५ चौरस मिलिमीटरच्या तारा. ८६ ला जुन्या होल्डरमधली डीपरची किंवा अप्परची तार, ८५ अर्थला. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे ०.२ अँपिअरच्या आतला प्रवाह जातो. होल्डर सिरॅमिकचे घ्या. जोड पीळ मारून टेप गुंडाळलेले नकोत, दाबून बसवलेले थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपणं) हवेत. रिलेचे पाय खाली येतील असे टांगा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत मुरतं.

एक खोच मात्र लक्षात ठेवा. अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, निगेटिव्ह तोडतो. होल्डरच्या कॉमन तारेवर १२ व्होल्ट येतात आणि डीपर-अप्परच्या तारा स्विचमधून अर्थ होतात. अशा गाडीत ८५ बॉडीला जोडला तर रिले चालूच होणार नाही. तिथे ८६ कॉमन तारेला आणि ८५ डीपरच्या तारेला लावायचा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० च्या जागी २५ चा ठोकणं हा सगळ्यात वाईट उपाय. फ्यूज बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो. मोठा फ्यूज घातला की आधी वितळणारी वस्तू ती तारच.

रिलेनंतर बल्ब ६०/५५ चाच ठेवा. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी प्रमाणित एच-४ तेवढाच असतो, आणि जास्त उष्णतेनं रिफ्लेक्टरची चकाकी काळवंडते. पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर बल्बचं आयुष्य घटेल, हेही खरं: ५ टक्के व्होल्टेज वाढलं की ते निम्म्याच्या आसपास येतं.

एलईडी कमी प्रवाह घेतो, म्हणून वायरिंग वाचतं. पण हॅलोजनच्या फिलामेंटसाठी आखलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत बऱ्याचदा विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. शिवाय निगेटिव्ह तोडणाऱ्या गाडीत तो पेटेलच असं नाही, कारण फिलामेंटला प्रवाहाच्या दिशेशी देणंघेणं नसतं, एलईडीला असतं.