धार्मिक छळ आणि परराष्ट्रांचा प्रतिसाद

एखाद्या देशात लोकांचा धर्मावरून छळ होत असेल किंवा शांततेने जमलेल्या निदर्शकांवर बळाचा धाक असेल, तर इतर देशांची सरकारे जी पावले उचलतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. खासगी रदबदली, जाहीर निषेध, परागंदा झालेल्यांना आश्रय, व्यापारबंदी आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयातील दावा अशी त्याची रूपे आहेत. त्यांपैकी रदबदली सर्वांत जुनी असून तिचे एक ठळक उदाहरण मुंबईत घडले.

काजार राजवटीतील इराणमध्ये यझ्द आणि केरमान येथील जरथुश्त्री लोकांकडून जिझिया घेतला जाई आणि वसुली करणारे ठरल्यापेक्षा अधिक उकळत. त्यांना शहरात घोड्यावर बसता येत नसे, कोणत्या रंगाचे कपडे घालावेत यावर बंधन होते, घराच्या उंचीलाही मर्यादा होती. शिवाय कुटुंबातील एकाने इस्लाम स्वीकारला, तर तो साऱ्या वारशावर हक्क सांगू शके. या धर्मबांधवांसाठी मुंबईच्या पारशांनी संस्था काढली आणि 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला धाडले. हातारिया ब्रिटिश प्रजाजन होते, ही बाब वरकरणी किरकोळ वाटली तरी निर्णायक ठरली, कारण त्यामुळे तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीचे दार त्यांना उघडे राहिले आणि स्थानिक अधिकाऱ्यांना त्यांच्यावर सहजी हात टाकता येईना. त्यांनी दख्मे (मृतदेह ठेवण्याचे मनोरे) आणि अग्निमंदिरे दुरुस्त करवली, शाळा काढल्या आणि दरबारात अर्जांचा सपाटा लावला. 1873 मध्ये शाह नासिरुद्दीन लंडनला गेला, तेव्हा तेथील पारशांनी त्याला निवेदन दिले. जिझिया रद्द करणारे फर्मान अखेर 1882 मध्ये निघाले, म्हणजे हातारिया निघाल्याला तोवर 28 वर्षे झाली होती.

ब्रिटिशांची ही आस्था निव्वळ करुणेची नव्हती. तेहरानमध्ये रशियाशी त्यांची चढाओढ चालू होती आणि मुंबईच्या पारशी शेटियांना साम्राज्यात वजन होते. त्याच इराणमध्ये 1852 साली शाहवरील हल्ल्यानंतर बाबी पंथीयांची, म्हणजे शिया इस्लाममधून निघालेल्या एका नव्या पंथाच्या लोकांची, कत्तल झाली. त्यांच्या मागे मात्र अशी मुंबई नव्हती. फर्मानानंतरही रोजच्या जाचाचे बरेच प्रकार चालूच राहिले आणि यझ्दहून लोक मुंबईला येतच राहिले. धोबी तलावच्या कोपऱ्यावर संगमरवरी टेबलाशी बसून ब्रून-मस्का चहात बुडवणाऱ्याला हा इतिहास सहसा आठवत नाही, पण ‘इराण्याचे हॉटेल’ या शहरात आले ते याच स्थलांतरातून.

विसाव्या शतकात रदबदलीच्या जोडीला लेखी नियम आले. मानवी हक्कांच्या 1948 च्या वैश्विक जाहीरनाम्यातील अठरावे कलम धर्मस्वातंत्र्याचे, तर विसावे शांततापूर्ण सभेचे आहे. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात हे दोन्ही हक्क आले आणि 1979 मध्ये भारत त्यात सामील झाला. अमेरिकेने 1998 मध्ये धर्मस्वातंत्र्यासाठी स्वतंत्र कायदा करून वार्षिक अहवाल आणि ‘विशेष चिंतेचे देश’ अशी यादी सुरू केली. यादीत नाव आल्यावर निर्बंध लागू शकतात, पण राष्ट्रहिताचे कारण देऊन ते माफही करता येतात. सौदी अरेबियाचे नाव 2004 मध्ये यादीत आले आणि 2006 मध्ये निर्बंध माफ झाले. तेल आणि लष्करी संबंध लक्षात घेता यात नवल नव्हते. निदर्शनांच्या बाबतीतही असाच हिशेब दिसतो. 1989 मध्ये तिआनानमेन चौकातील दडपशाहीनंतर युरोपीय देशांनी चीनला शस्त्रे विकणे थांबवले, पण इतर व्यापार पुढे वाढतच गेला.

भारत या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे. धर्माचा नसला तरी वंशभेदाचा प्रश्न त्याने 1946 मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेला: दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणारी वागणूक. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. ही आपली अंतर्गत बाब असून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 2(7) नुसार तीत कोणी पडू नये, असा दक्षिण आफ्रिकेचा बचाव होता. तो फेटाळला गेला आणि 8 डिसेंबर 1946 रोजी 32 विरुद्ध 15 मतांनी ठराव संमत झाला. पुढे 1959 मध्ये भारताने दलाई लामांना आश्रय दिला.

2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात या दोन्ही बाजू एकत्र आल्या. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारा हा कायदा सरकारच्या मते शेजारी देशांतील छळाला दिलेले उत्तर होते. मुसलमानांना त्यातून वगळल्यामुळे तो भेदभाव करणारा आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता. मुंबईत 19 डिसेंबर 2019 रोजी ऑगस्ट क्रांती मैदानावर मोठा जमाव शांततेने जमला, त्याच दिवशी मंगळुरू आणि लखनौ येथे मात्र निदर्शनांत माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी मार्च 2020 मध्ये या कायद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हस्तक्षेप अर्ज केला. त्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर होते, की ही भारताची अंतर्गत बाब आहे आणि तीत कोणत्याही परकीय पक्षाला बोलण्याचा अधिकार नाही.